त्यांचा एक गोळाही नको

पंचायतीचा हंगाम पुन्हा आला आहे. भात पिवळं पडायला लागलं की आमच्या कुलाबा जिल्ह्यात दोन गोष्टी बाहेर निघतात, विळे आणि पत्रकं. विळ्याला धार लावायला गावात लोहार आहे. पत्रकाला धार लावायला लोक माझ्याकडे येतात. परवा पलीकडच्या गावातले दोन तरुण सायकली दामटत आले, ओसरीवर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या हातचं एक पत्रक पाहिजे. असं झोंबलं पाहिजे की समोरचा पुन्हा उठताच कामा नये."

मी नाही म्हणाले. ते हिरमुसले, मी मात्र हलकी झाले. भारा डोक्यावरून उतरला की मान आपोआप वर होते ना, तसं काहीसं. मग ते गेल्यावर मी खारीकडे, म्हणजे खाडीकाठच्या आमच्या शेतांकडे, तोंड करून बराच वेळ पायरीवर बसून राहिले. ओल्या पेंढ्याचा आणि खाडीच्या चिखलाचा मिसळलेला वास येत होता. पाच वर्षांपूर्वीच्या आश्विनातही हाच वास होता, फक्त तेव्हा मला तो येत नव्हता. माझ्या नाकात शाई होती.

स्पष्टच सांगते, मला तेव्हा शब्दांचा माज होता. मॅट्रिक झालेली गावातली मी पहिली मुलगी. खालच्या पाड्यातली. अर्ज लिहायचे तर मी, सभेचे ठराव लिहायचे तर मी, आणि पत्रकं तर मीच. मी एक वहीच केली होती. समोरच्याला आडवं करायचे जेवढे म्हणून शब्द वर्तमानपत्रात, भाषणात, भांडणात सापडतील तेवढे तिच्यात उतरवायचे. पानाच्या डाव्या बाजूला सभ्य शब्द. चुरस, चढाओढ, सामना, अहमहमिका. हे मला बुळबुळीत वाटत. उजव्या बाजूला खरा माल. धूळ चारणे, खडे चारणे, नांगी ठेचणे, अस्मान दाखवणे, चारी मुंड्या चीत करणे, दाती तृण धरायला लावणे, मुळासकट उपटून काढणे. 'गळेकापू' हा शब्द पहिल्यांदा छापलेला पाहिला तेव्हा मला इतका आनंद झाला की तो मी दोनदा लिहिला.

आज ती यादी आठवली की हसू येतं. धूळ चारणे! आमच्या गावात धूळ आहे कुठे? पावसात चिखल आणि उन्हात मिठाचा पापुद्रा. अस्मान दाखवणे कुस्तीच्या हौद्यातलं, तृण धरायला लावणे लढाईतलं. यातला एकही शब्द आमच्या खारीत उगवलेला नव्हता. सगळे बाहेरून आलेले, मुंबईच्या पुढाऱ्यांसारखे. ते पुढारी सकाळच्या लाँचने रेवसला उतरत, आम्हाला चार जहाल शब्द देत आणि संध्याकाळच्या लाँचने परत जात. त्यांचा राग मला अजूनही येतो. शब्द टाकून निघून जाता येतं त्यांना. त्यांना बांध नाही.

बांध म्हणजे काय ते खारीत न राहिलेल्यांना सांगायला हवं. आमची भातशेती खाडीच्या पातळीला, काही ठिकाणी तर भरतीच्या पाण्यापेक्षाही खाली. मध्ये फक्त मातीचा एक लांबलचक बांध. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे तिवरांची झाडं आणि खारं पाणी. बांधाला एक उघाडी, म्हणजे लाकडी दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायचं. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधाला बिळं पाडतात, उधाणाचं पाणी बिळात शिरतं, आणि एकदा का खांड, म्हणजे भगदाड, पडली की त्या वर्षीचं पीक गेलंच, वर जमीन तीन वर्षं खारट. म्हणून बांध राखायला जोळ. जोळ म्हणजे खारीत शेत असलेल्या सगळ्या घरांची जूट. हाक आली की घरटी एक माणूस यायचं, चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे, बांध लिंपायचा. कुणाचं शेत कुठे आहे हे तेव्हा कुणी विचारत नाही. आजोबांच्या आजोबांपासून हे चाललेलं आहे.

आणि या जोळीवरच मी माझी लेखणी चालवली.

आमची बाजू खरी होती, हे आजही म्हणते. वरच्या पाड्यातले पदाजी पाटील जोळीचे पिढीजात प्रमुख. मानाचा नारळ त्यांच्या घरी, उघाडीची चावी त्यांच्या घरी, आणि जोळीच्या दिवशी चिखलात मात्र खालच्या पाड्याची माणसं जास्त. वरच्या पाड्यातून कधी म्हातारा यायचा, कधी कमरेला करगोटा बांधलेलं पोर. नव्या पंचायतीची निवडणूक आली तेव्हा खालच्या पाड्याने पदाजींच्या समोर नथूकाकांना उभं केलं. नथूकाका मुंबईच्या गिरणीत बारा वर्षं काढून गावी परतलेले, सभेत बोलायची सवय असलेले, सरळ माणूस. मी त्यांची पत्रकं लिहू लागले.

छापखाना अलिबागला. पायाने चालवायचं यंत्र, शिशाचे खिळे, आणि ते जुळवणारे गजाभाऊ, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. माझा मजकूर हातात घेऊन ते थोडा वेळ पेटीत चाचपडले आणि म्हणाले, "बाई, उद्गारचिन्हं संपली."

"अशी कशी संपली?"

"छापखान्यात एकूण अकरा आहेत. तुमच्या पहिल्या तीन ओळींतच लागली सगळी."

"मग आता?"

"मग खालचं जरा शांतपणे लिहा."

मी शांतपणे लिहिलं, आणि तेच जास्त लागलं. पत्रकाच्या शेवटी, उद्गारचिन्हाशिवाय, एक वाक्य होतं. 'ज्यांनी पिढ्यान् पिढ्या बांडगुळासारखं जोळीवर पोसून घेतलं, त्यांचा एक गोळाही आमच्या बांधाला नको.' खरं सांगू? त्या वाक्यामागे काही विचार नव्हता. मला त्याचा ठेका आवडला होता. 'एक गोळाही नको' असं म्हणताना जीभ टाळूला छान लागते. संध्याकाळी देवळासमोर नथूकाकांनी ते गुलाबी पत्रक मोठ्याने वाचलं आणि खालचा पाडा टाळ्यांनी दणाणला. मी मागे खांबाला टेकून उभी होते. इतकं सुख मला मॅट्रिकच्या निकालानेही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लोकांनी ते वाक्य खरं केलं.

खालच्या पाड्याने उघाडीपासून वळणापर्यंतचा बांध आपला म्हणून घेतला. वरच्या पाड्याने वळणापासून तिवरांच्या रांगेपर्यंतचा. जोळ मोडली. आणि मग जी चढाओढ लागली ती मी कुठल्या सामन्यात पाहिलेली नाही. आमचे लोक बांध उंच करायचे, की पलीकडे ते दोन बोटं जास्त. आम्ही पुन्हा वर, ते पुन्हा वर. गिरणीतून दिवाळीच्या रजेवर आलेली मुलं पँटी वर सारून चिखलात उतरली. वरच्या पाड्यातले म्हातारे आणि पोरं दिसेनाशी झाली, धट्टीकट्टी माणसं आली. मी म्हटलं, पाहा, माझ्या पत्रकाने काम केलं! बांध आधीपेक्षा वीतभर उंच झाला होता. संध्याकाळी दोन्ही तुकड्यांवरून माणसं एकमेकांकडे बघत, कमरेवर हात ठेवून उभी राहत. उन्हात ओला चिखल तांब्यासारखा चमकायचा. मला ते फार सुंदर दिसे.

बारकूबाय आली तेव्हा मी पुढचं पत्रक लिहीत होते. बारकूबाय म्हणजे आमच्या ना नात्याची ना गोत्याची, पण सगळ्या गावाची आत्या. एकटी बाई. नवरा मचव्यावर समुद्रात गेला तो परत आला नाही, त्याला वीस वर्षं झालेली. तिचं एकच शेत, तेही बांधाच्या वळणाला लागून. तिने कनवटीतून घडी पडलेलं गुलाबी पत्रक काढलं.

"वाच गो पोरी, काय लिवलंस ते. मना वाचता येत नाय, आयकता येतं."

मी वाचू लागले.

"हलू वाच. मी काय बहिरी नाय."

मी हळू वाचलं. मोठ्याने वाचायला लिहिलेलं वाक्य हळू वाचलं की किती वेगळं लागतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बारकूबायने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ह्यातला माजा बांध कंचा?"

"म्हणजे?"

"उघाडीपासून वलनापर्यंत नथूचा. वलनापासून तिवरांपर्यंत पदाजीचा. आनि वलन कोनाचं?"

मी लेखणी खाली ठेवली.

"जाऊन बघ. तुजे लोक वलनाच्या चार पावलं आदीच थांबलंन. त्याचं लोक पन चार पावलं आदीच थांबलंन. कोनाचा हात कोनाच्या मातीला लागाया नको म्हनून. मधी आठ पावलं जुना बांध हाय तसाच हाय, चिंबोऱ्यांनी पोखरलेला. माजं भात त्याच्या पोटात हाय. अवसंला उधान. पानी काय करल, सांग. शिकलीस ना तू?"

पाणी काय करेल ते सांगायला मॅट्रिक व्हावं लागत नाही. दोन्हीकडे वीतभर उंच आणि मध्ये आठ पावलं खोलगट. आम्ही दोन्ही पाड्यांनी मिळून, एकमेकांवर मात करता करता, पाण्याला नीट वाट काढून दिली होती. आधी बारकूबायचं भात, आणि मग तिच्या शेतातून उतरत सगळी खार. तिथे नथूकाकांचंही शेत होतं, पदाजीचंही, माझ्या बापाचंही.

अवस चार दिवसांवर होती. मी नथूकाकांकडे गेले. ते कंदिलाची काच पुसत होते. ऐकून घेतलं त्यांनी. मान खाली घालून म्हणाले, "सुमन, ठाऊक आहे मला. मी पाहिलंय ते वळण."

"मग लिंपून टाकू या. आठ पावलं तर आहेत."

"तू लिहिलंस, मी वाचलं, लोकांनी टाळ्या दिल्या. आता मी फावडं घेऊन वळणावर गेलो तर पदाजी म्हणेल, आला नाक घासत. निवडणूक तिथेच संपली. आधी त्याला येऊ दे."

पदाजीच्या अंगणात मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ते नारळ सोलत बसले होते, सुळक्यावर आपटून, एका झटक्यात. मला पाहून म्हणाले, "या धारवाल्या बाई! बसा. तुमचा कागद मी तीनदा वाचून घेतला. बांडगूल म्हंजे मीच ना?"

"हो."

"बांडगूल आंब्यावर वाढतंय. मंग आंबा कोन? नथू?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. बायको आत हसली. मलाही हसू आलं असतं, पण मी ओठ आवळून वळणाचं सांगितलं. पदाजींचं हसणं थांबलं.

"मी येन," ते म्हणाले. "नथू आदी येऊ दे."

"ते म्हणतात, आधी तुम्ही."

"मंग कोनीच नाय." त्यांनी नारळ सुळक्यावर आपटला. तो पहिल्या झटक्यात सोलला गेला नाही. "बारकूबायचं भात किती पिकलंय?"

"आठवड्याभरात कापणीला येईल."

त्यांनी तोच नारळ पुन्हा सुळक्यावर आपटला.

परतताना मी माझी वही मनात चाळत होते. उजव्या बाजूच्या त्या शेकडो शब्दांत, आधी कुणी यायचं या एका गोष्टीवर उपाय असलेला शब्द एकही नव्हता. सगळे शब्द दुसऱ्याला खाली पाडण्याचे. आपण स्वतः चार पावलं पुढे जाण्याचा एक नाही. आणि गंमत बघा, दोघेही यायला तयार होते. दोघांच्या मध्ये फक्त मी लिहिलेलं एक वाक्य उभं होतं, आणि ते खोडायचं तर पुन्हा अलिबागला जाऊन छापून आणायला हवं होतं.

अवस म्हणजे लक्ष्मीपूजनाचा दिवस. आमच्याकडे अवसेला आणि पुनवेला भरती बरोब्बर भर दुपारी चढते. सकाळी घराघरांतून करंज्या तळल्याचा वास येत होता आणि मी डोक्याला फडकं बांधून वळणाकडे चालले होते. बारकूबाय तिथे आधीच होती. एक घमेलं, पेंढ्याचे दोन भारे, आणि ती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बांगड्या काढून ठेव. फुटतील."

मी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा बांधाला हात लावला. खालच्या पाड्याच्या श्रमांवर पत्रकं लिहिणारी मी! आमच्या घरातून जोळीला नेहमी बाप जायचा, किंवा भाऊ. चिखल दिसतो मऊ, पण त्यात कालवांच्या शिंपल्या असतात, ब्लेडसारख्या. दोन घमेल्यांत माझी बोटं चिरली, आणि खारं पाणी लागून अशी चुरचुरली की डोळ्यांतून पाणी आलं. समोर खाडी फुगत होती. आधी तिवरांच्या मुळ्या बुडाल्या, मग खोडं, मग नुसते हिरवे शेंडे पाण्यावर राहिले. आवाज मुळीच नव्हता. उधाणाचं पाणी गरजत येतं असं ज्याला वाटतं त्याने ते पाहिलेलं नसतं. ते मांजरासारखं येतं.

करंगळीएवढी धार प्रथम बारकूबायला दिसली. बांधाच्या आतल्या अंगाने, एका बिळातून. आम्ही पेंढा कोंबला, वर चिखल थापला. ती थांबली, दुसरी सुरू झाली, मनगटाएवढी. ती बुजवेपर्यंत वरचा एक मोठा लपका सुटला आणि बांधाच्या माथ्यावरून पाणी घसरून सरळ भातात उतरलं. पिवळ्या लोंब्यांच्या खाली ते चमकत पसरत चाललं. बारकूबाय त्या वाहत्या जागेत पाठ लावून बसली, चक्क बसली, धोंड्यासारखी. तिच्या दोन्ही काखांतून पाणी येऊ लागलं.

मी उभी राहिले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडले, "नथूकाऽ"

पुढचं अक्षर निघालं नाही. बारकूबायने बसल्या जागेवरून मला खाली खेचलं होतं आणि चिखलाने भरलेला पंजा माझ्या तोंडावर दाबला होता. जिभेवर खारट माती आली.

"नाव घेऊ नको," ती म्हणाली. "खांडीला नाव घेत नाय कोनी. नाव घेतलंस तर तेवढंच घर येतंय. दुसरं बसून ऱ्हातंय, आपल्याला कुठं बलावलंन म्हनून."

मग तिने स्वतः मान वर केली आणि अशी आरोळी दिली की तिवरांतले बगळे उठले.

"खांऽऽऽड! खांऽऽऽड गोऽऽ!"

बस्स एवढंच. कुणाचं नाव नाही, ये नाही, वाचव नाही. आमच्याकडची ही जुनी रीत, लहानपणापासून माझ्या कानावर असलेली, पण मी तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. खांडीची आरोळी बिननावाची द्यायची, आणि ज्याच्या कानावर पडेल त्याने धावण्याआधी ती पुढे द्यायची. म्हणजे ती कुणाची एकट्याची राहत नाही. आलेल्यावर बोलावल्याचा उपकार चढत नाही, आणि बोलावणाऱ्याचं नाक खाली होत नाही.

थोडा वेळ काही नाही. वाऱ्यावर करंज्यांचा वास, आणि पाण्याचा तो बुडबुड आवाज. आणि मग एका पाड्यातून कुणीतरी "खांऽऽड!" म्हणून ती पुढे दिली. ती आधी वरच्या पाड्यातून आली की खालच्या, यावर गावात अजूनही वाद होतो. मला ठाऊक आहे. मी सांगणार नाही.

दोन्ही बाजूंनी बांधावरून माणसं धावत आली. हातात होतं ते घेऊन आली. कोणी फावडं, कोणी टोपली, एकीच्या कोपरापर्यंत कणीक. नवा कोरा सदरा घातलेला एक गिरणीवाला आला आणि तसाच छातीभर पाण्यात उतरला. गोळे द्यायला माती हवी, पण खणायची नेहमीची जागा पाण्याखाली गेलेली. क्षणभर सगळे घुटमळले. मग पदाजींनी आपल्याच बाजूच्या बांधाच्या माथ्यावर फावडं मारलं, त्या वीतभर उंचीवर, जी उभारायला त्यांची माणसं पंधरा दिवस राबली होती. नथूकाकांनी ते पाहिलं आणि आपल्या बाजूच्या माथ्यावर फावडं मारलं. दोन्हीकडची चढाओढ चिखलाचे गोळे होऊन मधल्या आठ पावलांकडे येऊ लागली.

जोळीची आणखी एक रीत आहे. रांगेत एका घरची दोन माणसं शेजारी उभी राहत नाहीत, कारण भावाला भाऊ हलका गोळा देतो. त्यामुळे रांग आपोआप मिसळते. माझ्या एका बाजूला पदाजींची सून होती, दुसऱ्या बाजूला छापखान्यात कधी न गेलेला, माझं पत्रक पाठ असलेला आमच्या पाड्यातला पोस्टमन. तोंडाकडे, जिथे गोळा थापायचा, तिथे नथूकाका. त्यांच्या हातात गोळे देणारे पदाजी.

"नथू, गिरनीत ह्येच शिकलास काय? गोला हाय तो, सूत नाय. दाबून बसव!"

"दे गुमान, बांडगूळ!"

रांग हसली. पदाजी सगळ्यांत मोठ्याने हसले आणि पुढचा गोळा मुद्दाम दुप्पट वजनाचा दिला. नथूकाका डगमगले, शिवी हासडली, गोळा बसवला. शब्द माझाच, पण त्यांच्या तोंडून तो निघाला तेव्हा त्याच्यामागोमाग हात पुढे झालेला होता. कागदावरच्या शब्दाला हात नसतो.

बारकूबायला खांडीतून उठवायला दोघी लागल्या. तिच्या पाठीमागची जागा भरली, तरी ती उठेना. "बसू दे मना, गार वाटतंय," म्हणाली. दात वाजत होते तिचे.

भरती थांबते तो क्षण मी त्यानंतर अनेकदा पाहिला आहे, पण त्या दिवसासारखा नाही. पाण्यावर तिवराचं एक पिवळं पान होतं. ते बांधाकडे येत होतं, येत होतं, आणि थांबलं. सगळी रांग त्या पानाकडे बघत होती. मग पान जागच्या जागी गिरकी घेऊन खाडीकडे वळलं. कुणीतरी मोठा श्वास सोडला, आणि मग तो सगळ्यांनीच सोडला. पदाजींची सून मटकन माझ्या खांद्यावर टेकली. आम्ही एकमेकींशी त्याआधी कधी बोललो नव्हतो. तिच्या केसांना चिखलाखालूनही उटण्याचा वास येत होता.

ओहोटीला उघाडी उघडली. बारकूबायच्या शेतात घोट्याएवढं पाणी चढलं होतं, पण लोंब्या त्याच्या वर होत्या. पाणी ओसरत गेलं, भात उभंच राहिलं. ती शेताच्या कडेला बसून एकेका ओळीकडे बघत होती, जत्रेत हरवलेली पोरं सापडल्यावर मोजावीत तशी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जा, तोंड धू. माती हाय."

यानंतर दोन्ही पाडे भावाभावासारखे राहू लागले वगैरे मी लिहिणार नाही. तसं काही झालं नाही. पुढच्याच वर्षी मानाच्या नारळावरून देवळात बाचाबाची झाली, एकाचं डोकं फुटलं. पदाजींचा तोरा आहे तसाच आहे, आणि उघाडीची चावी दोन घरी असावी म्हणून मी अजून भांडते आहे. भांडण सोडलेलं नाही मी. अन्याय दिसला तर लिहिते, नाव घेऊन लिहिते, कुणाची भीड ठेवत नाही. चढाओढ वाईट असंही मला वाटत नाही. त्या पंधरा दिवसांत वरच्या पाड्याची धट्टीकट्टी माणसं चिखलात उतरली ती चढाओढीनेच. पण लिहून झालं की मी ते आता हळू वाचते, स्वतःशी. आणि विचारते, हे शब्दशः खरं करायला लोक निघाले तर मध्ये कुणाचं शेत आहे? तेवढा एक प्रश्न विचारला की उजव्या बाजूचे निम्मे शब्द आपणहून गळून पडतात. ते गेल्याचं मला दुःख नाही. मोकळं वाटतं, दाट लावलेलं भात विरळ केल्यावर वाटतं तसं.

मतदान अवसेनंतर पाचव्या दिवशी होतं. पण जोळीत असंही ठरलेलं आहे की ज्या शेताशी खांड पडली ते शेत सगळ्यांनी मिळून आधी कापायचं. चिखल बसायला चार दिवस गेले, म्हणून कापणी आणि मतदान एकाच दिवशी आलं. सकाळी लोकांनी शाळेत जाऊन शिक्के मारले आणि तिथूनच विळे घेऊन बारकूबायच्या शेतात उतरले. दुपारी शाळेच्या पडवीत मतं मोजून झाली, तर निकाल ऐकायला चिटपाखरू नाही.

तालुक्याचे कारकून शेवटी बूट हातात घेऊन, छत्री काखेत मारून बांधावरून तोल सावरत आले.

"अहो, निकाल लागला! उमेदवार कुठे आहेत?"

भातात पन्नास पाठी वाकलेल्या. एकही सरळ झाली नाही.

"येवढी वल कापून होऊ द्या, सायेब," कुठूनतरी पदाजींचा आवाज आला.

"मला लाँच गाठायचीय!"

"मंग वाईच हात लावा," बारकूबाय म्हणाली. "लवकर संपल."

कारकुनांनी इकडेतिकडे पाहिलं. मग निकालाचा कागद खिशात घातला, धोतर खोचलं, आणि नथूकाका बांधत होते त्या भाऱ्याचं दुसरं टोक धरलं. धरल्या धरल्या हळूच म्हणाले, "वरच्या पाड्याची माणसं निवडून आली. थोडक्यात."

नथूकाकांनी गाठ मारली. ती घट्ट आहे की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. मग त्यांनी हाक मारली, "सरपंच! इकडे या. हा भारा घ्या डोक्यावर. आता ते काम तुमचं."

पदाजी आले. कागदाबद्दल एक अक्षर न विचारता वाकले. नथूकाकांनी आणि कारकुनांनी भारा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि ते तोल सांभाळत खळ्याच्या वाटेला लागले. मी त्यांच्या मागून सांडलेल्या लोंब्या वेचत चालले होते. आम्ही हरलो होतो, आणि बारकूबायचं भात घरी चाललं होतं.